कुणासाठी पळता?

औषधाच्या दुकानात काउंटरमागे वर्षानुवर्षं उभं राहिलं की गिऱ्हाइकाची घरातली जागा त्याच्या यादीवरून कळायला लागते. बाई येते. नवऱ्याच्या शुगरच्या गोळ्या महिन्याच्या एकदम घेते, सासऱ्यांचा दम्याचा पंप घेते, पोराला तालमीत कुणीतरी सांगितलेली प्रोटीन पावडर घेते. पैसे देऊन पिशवी उचलता उचलता तिला आठवतं, "आणि ती माझी रक्तवाढीची गोळी... पाचच द्या कापून." पट्टी कापायची कात्री मी हाताशी ठेवते. ती लागते बहुतेक वेळा बायकांच्या स्वतःच्या औषधांसाठीच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. आकडा वाचून मी दचकले नाही. तो रोज माझ्यासमोर उभा असतो, पाच गोळ्या मागत. त्या पाचही बाई सकाळच्या चहाबरोबर गिळते, म्हणजे लोह धड अंगी लागत नाही. "चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या" असं सांगितलं की हसून म्हणते, "आता त्या एका गोळीसाठी लिंबू कोण पिळत बसणार?" नवऱ्याला दही चालत नाही, सासऱ्यांना वांगं चालत नाही, हे तिला तोंडपाठ असतं.

माझं दुकान बारामतीत, इंदापूर रस्त्याला. माहेर निमगाव केतकी, इंदापूर तालुक्यातलं, पानमळ्यांचं गाव. बी. फार्म. झाले तेव्हा घरात पहिली चर्चा झाली ती 'आता फार्मसिस्ट मुलगा बघावा लागणार' ही. लग्नाच्या बैठकीत माझा सावळा रंग हा वजा गुण आणि 'दुकान सांभाळेल' हा अधिक गुण. बेरीज जमली. मला त्याचा राग वगैरे आला नव्हता, उलट आपण पास झालो याचा आनंदच झाला होता.

रंगाचं ते गणित अजून मिटलेलं नाही. 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं, पण गिऱ्हाईक जुनंच नाव सांगतं आणि मीही जुन्याच नावाने ओळखते. तेवढ्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते त्या पुढच्या ट्यूबने. लग्नसराई जवळ आली की कॉलेजच्या मुली मोबाइलमधला फोटो दाखवतात, "ताई, ही आहे का? माझ्या मैत्रिणीचा चेहरा पंधरा दिवसांत उजळला." फोटोतलं मलम असतं स्टेरॉईडचं. इसबावर किंवा वांगावर डॉक्टर थोडे दिवस लावायला देतात ते. पंधरा दिवसांत उजळतं हे खरं. काही महिन्यांत कातडी पातळ होते, उन्हात गेलं की चेहरा लालबुंद होऊन आग होते, पुरळ येतं, कुणाकुणाच्या गालावर लव वाढते. बंद करावं तर आणखी भडकतं, म्हणून मुलगी पुन्हा तीच ट्यूब मागायला येते. 2018 मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉईड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मी चिठ्ठी मागते. मुलगी "बरं" म्हणून जाते आणि दुसरीकडून घेते.

इंदापूरकडची अशीच एक मुलगी आईला घेऊन आली होती. चेहरा ओढणीने बांधलेला, डोळे तेवढे दिसत होते. आपल्याकडे दुचाकीवरच्या सगळ्याच मुली तशा दिसतात, त्यामुळे मला आधी काही वाटलं नाही. ओढणी सोडली तेव्हा गालांवरच्या बारीक लाल शिरा दिसल्या. मी म्हटलं, "आधी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जा, एकदम बंदही करू नकोस." आईचा प्रश्न वेगळाच होता, "पाहुणे रविवारी येणारेत. तोवर काय लावता येईल?"

मग श्रावण-भाद्रपद येतो. गौरी-गणपतीच्या आधी आणि आषाढात पालखीच्या आधी माझ्याकडे एका गोळीची मागणी वाढते, पाळी पुढे ढकलायची. नॉरइथिस्टेरॉन. मागताना आवाज उतरतो, आजूबाजूला पुरुष गिऱ्हाईक नाही ना हे बघितलं जातं. सहसा पाळीच्या तीन दिवस आधीपासून ती सुरू करतात आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पूर्वी कधी रक्ताची गुठळी झालेली असेल तर ही गोळी नकोच, म्हणून डॉक्टरांना विचारायला सांगते. "अहो, घरात गौरी बसायच्या आहेत, मी एकटीच करणारी," हे उत्तर ठरलेलं. देवीचा सण, करणारी बाई, आणि अडचण बाईच्याच अंगाची. या गोष्टीवर मी दुकानात वाद घालत नाही. घरी घालते, तिथे मला सासूबाई पुरून उरतात.

हे सगळं मी काउंटरच्या आतून शहाणपणाने बघत होते, तोवर माझीच तीन महिन्यांची शुगर 6.2 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर. आजोळी दोन्ही मावश्यांना मधुमेह, दिवसभर उभं राहायचं पण हालचाल चार पावलांची. औषधाची गरज नाही, चाला, वजन उचला, असं डॉक्टरांनी सांगितलं. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू ओढून घेतात, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. स्नायू कमवायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पिढीला 'बारीक हो' एवढंच सांगितलं गेलं.

नीरा डाव्या कालव्याच्या कडेने सकाळी चालायला लागले. तिथे बायकांचा एक घोळका असतो आणि प्रत्येकीकडे कारण असतं. एकीला थायरॉईड, एकीचे गुडघे, एकीला सिझेरियननंतर सुटलेलं पोट. "डॉक्टरांनी सांगितलंय" हे वाक्य म्हणजे आमच्या घराबाहेर पडण्याचा पास. पुरुषांच्या घोळक्यात असं काही ऐकू येत नाही. ते नुसतेच चालतात, राजकारण बोलतात आणि चहा पिऊन घरी जातात.

चालता चालता मी पळायला लागले. आधी पुलापासून पुलापर्यंत, दम लागला की थांबायचं, मग थोडं जास्त. गंमत अशी की चालणाऱ्या बाईला रस्त्यात कुणी काही विचारत नाही. पळणाऱ्या बाईला विचारतात. सलवार-कमीजवर बूट घालून पळत होते तोवर "काय झालं, ताई? कुणाला लागलं का?" असं खरोखर एका दुधवाल्याने मोटारसायकल थांबवून विचारलं. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. बाई पळते म्हणजे कुठेतरी काहीतरी पेटलेलं असणार, हा त्याचा हिशोब. ट्रॅक पँट आणि टी-शर्ट घातल्यावर प्रश्न बदलला. तो आता मला नाही, घरी विचारला जाऊ लागला. "वहिनी सकाळी दिसल्या. या वयात कशाला हे?" सासूबाईंनी त्यावर उत्तर शोधून ठेवलं होतं, "तिला शुगर आहे." जाहीर आजार पत्करून मी सुटले.

याच बारामतीत साठी ओलांडलेली एक बाई पळाली होती. लता भगवान करे. दहा-बारा वर्षांपूर्वी, नऊवारी लुगडं नेसून, अनवाणी, ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत. पती आजारी, एमआरआयला पैसे नाहीत, बक्षिसाची रक्कम मिळेल म्हणून त्या उतरल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा सिनेमा निघाला, त्यात स्वतःची भूमिका त्यांनी स्वतःच केली. 67 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेखही झाला. या बाईपुढे मी हात जोडते. मोलमजुरी करून कमावलेले ते पाय आणि ती जिद्द, दोन्ही माझ्याकडे नाहीत.

तरी एक गोष्ट मला कालव्यावर पळताना राहून राहून आठवते. त्यांची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण 'नवऱ्यासाठी पळाली' इथे थांबतो, तिथेच त्याचा गळा दाटतो. समजा त्यांना नुसतं पळावंसं वाटलं असतं. त्याच लुगड्यात, त्याच शर्यतीत, पहिल्याच आल्या असत्या, आणि बक्षिसाच्या पैशातून स्वतःला एक चांगली साडी घेतली असती. सिनेमा निघाला असता का?

आमच्या भागात बाईच्या ताकदीला कुणी नावं ठेवत नाही, हे मला मान्य करावंच लागेल. गाळप हंगामात भवानीनगरच्या वाटेवर बघा. बीडकडून आलेल्या बाया उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात, आगाऊ मिळणारी उचल त्यावर. तिला कुणी म्हणत नाही, 'बाई गं, तुझ्या अंगाला झेपेल का?' त्या अंगाचं काय होतं, ते 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या वेळी बाहेर आलं. बीड जिल्ह्यात 82 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. काम बुडालं की दंड. पाळी, अंगावरून जाणं, पोटदुखी, सगळ्यावर एकच इलाज कुणीतरी सुचवला होता. हंगामात त्यातल्या काही जणी माझ्याकडे कंबरदुखीची गोळी घ्यायला येतात. दोनच घेतात.

आणि आषाढात तुकोबांची पालखी. बारामतीतून काटेवाडी, तिथलं मेंढ्यांचं रिंगण, पुढे सणसर, बेलवाडी, माझं निमगाव केतकी, मग इंदापूर. सत्तरीच्या आजी डोक्यावर तुळस घेऊन देहूपासून चालत आलेल्या असतात. मी दुकानाबाहेर टेबल टाकून पायाला लावायचं मलम आणि क्रेप बँडेज देते. पायाचे फोड फोडून पुन्हा चालायला लागतात. रोज इतकं चालणं कुठल्या जिमच्या मास्तरने सांगितलं असतं तर घरच्यांनी त्याला बडवलं असतं. विठोबासाठी आहे म्हणून सगळं गाव पाया पडतं.

नवऱ्यासाठी, देवासाठी, उचल फेडण्यासाठी. बाई कुणाची तरी आणि कुणासाठी तरी असावी लागते. 2024 च्या लोकसभेला आमच्याकडे दोन्ही प्रमुख उमेदवार बायकाच होत्या, पण माझ्या काउंटरवर महिनाभर वाद चालला तो 'लेक की सून' यावर.

मैदानावर सकाळी पोलीस भरतीच्या मुली असतात. बारामती-इंदापूरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आलेल्या, खोली करून राहणाऱ्या. 800 मीटर, 100 मीटर आणि चार किलोचा गोळा. शॉर्ट घालून पळतात, केस कापलेले, चेहरे उन्हाने रापलेले. त्यांना कुणी हसत नाही, कारण शेवटी नोकरी आहे. हीच 800 मीटरची शर्यत 1928 च्या ऑलिंपिकमध्ये बायका धावल्या, त्या दमल्या म्हणून गहजब झाला आणि ती थेट 1960 पर्यंत बंद करून टाकली, हे मी त्यांना सांगितलं. पुरुष दमत नाहीत का, असं एकीने विचारलं. दुसरीला त्यापेक्षा महत्त्वाचं काहीतरी विचारायचं होतं, लेखीला हे येतं का?

त्यातलीच एक भरती झाली. ट्रेनिंगला जायच्या आधी पेढे घेऊन दुकानात आली. मागे तिनेही ती ट्यूब मागितली होती, मी दिली नव्हती, त्यावरून आमची ओळख. "काळी झालेय ना मी?" म्हणाली आणि स्वतःच हसली. मग हळूच म्हणाली, "आई म्हणते, आता झालं ना काम, आता कशाला पळतेस. पण सकाळी पाय थांबत नाहीत हो ताई."

मलाही नेमकं तेच उत्तर द्यायचं होतं, पण वयामुळे लाजत होते. पुन्हा तपासणी केली तेव्हा शुगर 5.6 आली. मी रिपोर्ट घरी टेबलावर ठेवला आणि त्याच संध्याकाळी पाच किलोमीटरच्या शर्यतीचा फॉर्म भरायला घेतला. यांनी रिपोर्ट वाचला, फॉर्म वाचला.

"नॉर्मल आली की. मग आता कशासाठी?"

"आवडतं म्हणून."

जरा वेळ शांतता. हे भांडतील असं मला वाटलं होतं. पण यांची अडचण निराळीच निघाली. "नळाला पाणी सहाला येतं. मोटर कोण लावणार?"

"तुम्ही," मी म्हटलं. "बटण जिन्याखाली आहे."

आता सकाळची मोटर तेच लावतात. बंद करायचं विसरतात आणि टाकी वाहते, त्यावरून शेजारचे मला बोलतात.