जिथे समोरून कुणी येत नाही
चेन्नई-बंगळूर महामार्गावर श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टाई लागते. इथल्या शर्यतीच्या ट्रॅकची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर, वळणे १२. रस्त्यावर जपून मोटारसायकल चालवणारा इथे प्रथमच उतरतो, तेव्हा आधी आरशांवर चिकटपट्टी बसते. मागे पाहायचेच नाही. सांभाळून पुढे जाण्याची जबाबदारी मागच्याची. समोरून ट्रक नाही, खड्डा नाही, आडवी येणारी गाय नाही. तरीही पहिल्या फेरीत हात आखडतात, नजर पुढच्या चाकापाशीच खिळते. शिकवणारे बजावतात, वेग वळणाआधीच कमी करा आणि जिथे जायचे तिथे पाहा. नजर वळली की मोटारसायकलही वळते. हळूहळू खांदे सैल होतात. भीती वेगळी, सावधपणा वेगळा, हे उमगते. परतताना आरसे मोकळे करावेत. वेग मात्र ट्रॅकवरच ठेवून यावा.