लंडनमधील घरांच्या हद्दी आणि शेजाऱ्यांचे तंटे

लंडनच्या उपनगरांत घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे पहिल्या काही वर्षांत जे कायदेशीर प्रश्न उभे राहतात, त्यांत शेजाऱ्याबरोबरचा हद्दीचा लहानसा तंटा नेहमी आढळतो आणि त्याविषयीचे गैरसमजही मोठे असतात. हॅरो, वेंब्ली, हाउन्स्लो या भागांतील अनेक घरे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बांधलेली जोडघरे आहेत, म्हणजे एकाच सामाईक भिंतीच्या दोन अंगांना उभी असलेली दोन स्वतंत्र मालकांची घरे. त्यांच्यामागे लांबट, अरुंद बागा असतात आणि त्या बागांना माणसाच्या उंचीचे लाकडी कुंपण असते. हिवाळ्यातल्या वादळात हे कुंपण कोसळते, एक शेजारी नवे काँक्रीटचे खांब रोवतो, आणि खांब पूर्वीच्या रेषेपासून चार बोटे आपल्या बाजूला सरकले आहेत असे दुसऱ्याला वाटू लागते. तंटा बहुधा एवढ्यावरच सुरू होतो, आणि तो कसा हाताळावा हे ठरवताना महाराष्ट्रातून आलेला माणूस साहजिकच महाराष्ट्रातला अनुभव प्रमाण मानतो.

तो अनुभव मोजणीचा असतो. बांध कोरल्याची शंका आली, किंवा शहरातल्या मिळकतीची भिंत पुढे आल्याचे दिसले, की भूमी अभिलेख खात्याकडे अर्ज करायचा, मोजणी फी भरायची, लगतच्या खातेदारांना नोटिसा जायच्या, ठरल्या दिवशी सरकारी भूमापक येऊन जुन्या नकाशाच्या आधारे हद्द दाखवायचा आणि शेवटी मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हाती यायची, असा हा क्रम असतो. प्रत्यक्षात त्यात विलंब होतो, लगतचा खातेदार मोजणीला हरकत घेतो आणि प्रकरण वर्षानुवर्षे चालते, हे खरे. तरीही हद्दीची रेषा कुठून जाते हे शासनाला ठाऊक आहे आणि ती दाखवणे हे शासनाचे काम आहे, हे गृहीतक त्या सगळ्याच्या मुळाशी पक्के असते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हे गृहीतक लागू पडत नाही. तेथील मालकीची नोंद ठेवणारी लँड रजिस्ट्री ही संस्था १८६२ पासून अस्तित्वात आहे आणि १९९० पासून जमिनीच्या विक्रीनंतर नोंदणी करणे संपूर्ण देशात सक्तीचे आहे. परंतु नोंदणीसोबतच्या नकाशावर लाल रेघेने दाखवलेली हद्द ही केवळ सर्वसाधारण हद्द असते, असे २००२ च्या जमीन नोंदणी कायद्याचे ६० वे कलम स्पष्ट सांगते. याचा अर्थ असा की अमुक घर आणि त्यामागची बाग अमुक व्यक्तीची आहे याची हमी शासन देते, मात्र त्या बागेची कड नेमकी कोणत्या रेषेवर संपते हे सांगत नाही. शहरी भागातील हे नकाशे साधारणपणे १:१२५० या प्रमाणात असतात, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर सव्वा मीटर होतो, आणि अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघसुद्धा जमिनीवर सुमारे ६२ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा व्यापते. ज्या चार बोटांवरून शेजारी भांडतात ती त्या रेघेच्या जाडीतच हरवून जातात, आणि म्हणून नकाशा मोठा करून त्यावर पट्टी लावणे, हा पुष्कळ घरांत होणारा पहिला उद्योग, पूर्णपणे निष्फळ ठरतो.

अचूक हद्द ठरवून घेण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तिच्यासाठी मालकाने स्वतःच्या खर्चाने खासगी सर्व्हेअर नेमून दहा मिलिमीटरपर्यंत अचूक असा नकाशा सादर करावा लागतो, आणि शेजाऱ्याने सबळ हरकत घेतल्यावर आपसांत समेट झाला नाही, तर प्रकरण मालमत्ताविषयक न्यायाधिकरणाकडे जाते. एरवी पुरावा म्हणून पाहिले जाते ते मूळ विक्रीखत, त्याला जोडलेला जुना आराखडा, त्यातली मोजमापे आणि जमिनीवरच्या जुन्या खुणा. काही आराखड्यांवर हद्दीच्या रेषेला टेकलेले इंग्रजी ‘टी’ अक्षर काढलेले असते. ते ज्याच्या बाजूला असेल त्याच्याकडे त्या कुंपणाची मालकी किंवा देखभाल आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते, मात्र त्याचा नेमका अर्थ खताच्या मजकुरातूनच ठरतो. घराकडे तोंड करून उभे राहिल्यास डाव्या हाताचे कुंपण आपले, असे जे सर्रास सांगितले जाते, त्याला कायद्यात कोणताही सर्वसाधारण आधार नाही.

सामाईक भिंतीची गोष्ट कुंपणापेक्षा वेगळी आहे, आणि या बाबतीत लंडनइतका जुना अनुभव जगातील फार थोड्या शहरांना आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस शहराचा पहिला महापौर फिट्झएल्विन याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांत असे ठरले होते की दोन शेजाऱ्यांना दगडी भिंत बांधायची असेल तर दोघांनी आपापल्या जागेतून दीड-दीड फूट द्यावे आणि तीन फूट जाडीची व सोळा फूट उंचीची भिंत सामाईक खर्चाने उभारावी. पुढे चौदाव्या शतकात महापौर आणि नगरमान्य स्वतः जागेवर जाऊन भिंती, पन्हळी, सांडपाणी, शौचकूप आणि शेजाऱ्याच्या आवारात डोकावणाऱ्या खिडक्या यांच्या तक्रारी ऐकत, आणि १३०१ ते १४३१ या काळातील त्या निवाड्यांच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. त्या वाचताना तक्रारींचे स्वरूप सहाशे वर्षांत फारसे बदललेले नाही, हे जाणवल्याशिवाय राहत नाही. सप्टेंबर १६६६ च्या महाआगीत तेरा हजारांहून अधिक घरे जळाल्यानंतर पुनर्बांधणीचा जो कायदा झाला, त्यात घरे विटांची किंवा दगडाची असावीत, सामाईक भिंत दोन्ही जागांवर सारखी बसावी आणि ज्याने ती आधी बांधली त्याला नंतर बांधणाऱ्याने निम्मा खर्च द्यावा, अशी तत्त्वे आली. लंडनपुरती वाढत गेलेली ही परंपरा १९९६ च्या सामाईक भिंत कायद्याने इंग्लंड आणि वेल्सभर लागू केली, आणि तो कायदा जुलै १९९७ पासून अमलात आहे.

पोटमाळ्यावर खोली काढणे किंवा स्वयंपाकघर मागे वाढवणे ही लंडनमधील मराठी घरांतही नेहमीची बाब आहे, आणि दोन्ही कामांत हा कायदा आडवा येतो. पोटमाळ्यासाठी लोखंडी तुळई सामाईक भिंतीत बसवायची असेल तर काम सुरू करण्यापूर्वी दोन महिने, आणि शेजाऱ्याच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खणायचे असेल तर एक महिना आधी, शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर शेजाऱ्याने चौदा दिवसांत लेखी संमती दिली नाही, तर या दोन्ही प्रकारांत तंटा निर्माण झाला असे कायदा मानतो. मौन म्हणजे संमती या संस्कारात वाढलेल्या माणसाला ही तरतूद चकित करते आणि कधी कधी दुखावतेही, कारण ज्या शेजाऱ्याने कालपर्यंत हसून विचारपूस केली त्याने कागदावर सही न करणे म्हणजे वैर पत्करणे, असा अर्थ तो काढतो. तसे मानण्याचे काहीच कारण नाही. तंटा मानला गेला की दोघांनी मिळून एक, किंवा प्रत्येकाने एक, असे सर्व्हेअर नेमायचे असतात. दोघे वेगळे नेमले तर ते सर्व्हेअर आरंभीच तिसऱ्याची निवड करून ठेवतात. हे सर्व्हेअर ज्याने पैसे दिले त्याचे वकील नसतात, त्यांनी निःपक्षपातीपणे निवाडा लिहायचा असतो, आणि त्यात काम कोणत्या वेळेत व कसे करायचे, शेजाऱ्याच्या भिंतीला आधीपासून कोणत्या भेगा आहेत, नुकसान झाल्यास भरपाई कशी द्यायची हे सगळे नोंदवले जाते. खर्च बहुधा बांधकाम करणाऱ्याकडे येतो, आणि निवाडा मान्य नसल्यास चौदा दिवसांत दिवाणी न्यायालयात अपील करता येते. संमती न देणाऱ्या शेजाऱ्याने अशा प्रकारे केवळ आपल्या भिंतीची काळजी घेतलेली असते. घराघरांतील संबंध न बिघडवता बांधकाम पार पाडण्याची एवढी सुबुद्ध व्यवस्था क्वचितच आढळेल, आणि पुण्या-मुंबईतल्या जुन्या वाड्यांच्या व चाळींच्या पुनर्विकासात तिचा विचार व्हायला हवा.

साधे लाकडी कुंपण मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही. झाडांसाठी वेगळे नियम आहेत: शेजाऱ्याच्या झाडाची आपल्या बाजूला आलेली फांदी हद्दीच्या रेषेपर्यंत छाटता येते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्य केले, पण छाटलेली फांदी आणि तिच्यावरची सफरचंदे झाडाच्या मालकाचीच राहतात, आणि झाड संरक्षित असेल तर नगरपालिकेच्या परवानगीवाचून त्याला हात लावणे गुन्हा ठरतो. दोन मीटरहून उंच वाढलेल्या सदाहरित झाडांच्या दाट कुंपणाबद्दल २००५ पासून नगरपालिकेकडे तक्रार करता येते, मात्र आधी शेजाऱ्याशी बोलून पाहिल्याचे दाखवावे लागते.

कुंपणाच्या रेषेवरून तंटा सुरू झाल्यावर स्थलांतरित कुटुंबांकडून दोन प्रकारच्या चुका होतात, आणि दोन्हींचे मूळ गावाकडच्या अनुभवात आहे. पहिली चूक प्रतिष्ठेची. इंचभरही जमीन सोडायची नाही, हा बाणा ज्या समाजात जमीन हेच पोट होते त्या समाजात समजण्यासारखा आहे. परंतु बागेच्या कडेची दहा सेंटीमीटर पट्टी कोणाचे पोट भरत नाही, आणि इंग्लंडच्या न्यायालयांत हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचाही बराचसा खर्च सोसायचा असतो, त्यामुळे खटल्याचा खर्च वादातील जमिनीच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो. १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलेल्या एका हद्दीच्या खटल्यात लॉर्ड हॉफमन यांनी निकालाच्या आरंभीच अशा दाव्यांतील भावनावेग आणि अवाजवी खर्च यांविषयी खेद व्यक्त केला होता. शिवाय घर विकताना भरायच्या छापील माहितीपत्रात शेजाऱ्यांशी झालेल्या तंट्यांबद्दल थेट प्रश्न असतो, त्याचे उत्तर खोटे दिल्यास खरेदीदार भरपाई मागू शकतो आणि खरे दिल्यास तो मागे हटू शकतो. रागाच्या भरात वकिलाकडून पाठवलेले एक पत्र अशा रीतीने घराच्या किमतीलाच चिकटून बसते.

दुसरी चूक याच्या अगदी उलट आणि अधिक दुःखद आहे. परक्या देशात कटकट नको, आपण बाहेरचे, उगाच कशाला बोलायचे, या संकोचातून अनेक कुटुंबे सरकलेल्या कुंपणाकडे काणाडोळा करतात, आणि हा संकोच वर्षानुवर्षे मनात सलत राहतो. कायद्याच्या दृष्टीनेही तो सुरक्षित नाही, कारण लगतच्या जमिनीची पट्टी आपलीच आहे अशा वाजवी समजुतीने जो शेजारी ती दहा वर्षे ताब्यात ठेवतो, त्याला काही अटींवर त्या पट्टीची मालकी मागता येते. घराचे हप्ते भरणाऱ्या, कर देणाऱ्या माणसाने आपल्या हद्दीविषयी सभ्यपणे विचारणा करणे हा उद्धटपणा नाही, आणि पिढीजात इंग्रज शेजारीही ती तशी मानत नाहीत.

या दोहोंमधला मार्ग म्हणजे वेळेवर केलेली लेखी विचारणा. जुने कुंपण काढण्यापूर्वी त्याची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, जुन्या खांबांचे बुंधे उपटण्याआधी घराच्या भिंतीपासून त्यांचे अंतर मोजून ठेवावे, आणि शेजाऱ्याला समक्ष भेटून, नंतर साध्या भाषेत एक पत्र देऊन, नवी रेषा कुठून जाईल हे दाखवावे. मतभेद उरलाच तर दोघांनी मिळून एकच सर्व्हेअर नेमणे, आणि तेवढ्यानेही न भागल्यास मध्यस्थाकडे जाणे, हे न्यायालयापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. घराच्या विम्यात कायदेशीर खर्चाचे संरक्षण आहे का, हेही पत्रव्यवहार तापण्यापूर्वी पाहून घ्यावे. दोघांचे एकमत झाल्यावर हद्दीचा करार करता येतो, म्हणजे आपली सामाईक हद्द अमुक रेषेवर आहे असे दोन्ही मालकांनी मान्य केल्याची नोंद. १९६९ च्या एका निकालात न्यायमूर्ती मेगारी यांनी असा करार कलह शमवतो आणि खटला टाळतो, म्हणून न्यायालयाने त्याला अनुकूल असावे, अशी भूमिका घेतली होती. केवळ अस्पष्ट रेषा स्पष्ट करणारा हा करार तोंडीही ग्राह्य धरला जाऊ शकतो, पण तोंडी शब्द घराबरोबर विकला जात नाही. म्हणून तो एका पानावर, साध्या आराखड्यासह आणि दोघांच्या सह्यांनिशी लिहावा. लँड रजिस्ट्रीकडे अर्ज केल्यास त्याची नोंद दोन्ही मिळकतींच्या खात्यांवर होते आणि पुढच्या खरेदीदारालाही ती दिसते. येत्या हिवाळ्यात ज्यांना कुंपण बदलायचे आहे त्यांनी खांबांच्या खड्ड्यांत काँक्रीट ओतण्यापूर्वी एवढा कागद अवश्य करून घ्यावा.