समासातली दोन सूत

उजव्या अंगठ्याचा सांधा आखडल्यापासून दाभण हातात ठरत नाही. डोंबिवलीच्या आमच्या दुकानात र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे जुने अंक आता भाची बांधते, मी खळ बघतो.

कुणीतरी पूर्वी हे अंक वरून टाके मारून बांधलेत. समासाची दोन सूत टाक्यांनी गिळली, ओळींची टोकं आत गेली. दोरा ओढला की भोकापासून कागद फाटतो. म्हणून एकेक टाका दोन्हीकडून कापायचा, तुकडा चिमट्याने उचलायचा, घडीवर जपानी टिश्यूची पट्टी लावायची आणि मग जुजबंदी, म्हणजे घडीघडीतून शिवण. सगळं अडतं त्या पट्टीपाशी. खळ ओली असेल तर कागदावर तपकिरी कड उमटते, सुकली असेल तर पट्टी उचलते. पट्टीवरची चमक गेली त्याच क्षणी लावायची, हे भाचीला रोज सांगतो. मला ते अंगठ्यानं कळायचं, बघावं लागत नव्हतं.

दुसरा हट्ट मुखपृष्ठांचा. बाइंडर मंडळी कव्हरं काढून टाकतात, खंड सडपातळ होतो. कर्व्यांच्या अंकावर नग्न स्त्रीचं चित्र असे आणि लोक त्यावरूनही त्यांना शिव्या घालत. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९३४च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर वकील असूनही २०० रुपये दंड झाला. तरी जुलै १९२७ला काढलेलं मासिक १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी चालवलं. ते चित्र काढून कर्वे बांधणं मला भ्याडपणा वाटतो.

अश्लील म्हणून गाजलेल्या फ्रेंच लेखक मार्की द सादचं लेखन मला सोसत नाही, त्यातलं क्रौर्य वाचवत नाही. कर्व्यांना त्याच्या पंगतीला बसवणारे मला मुळीच पटत नाहीत. पण १७८५ साली बास्तीयच्या तुरुंगात त्यानं कागदाचे तुकडे एकाला एक डकवून १२ मीटरची गुंडाळी लिहिली. २०२१ साली फ्रेंच सरकारनं ती ४५.५ लाख युरोंना मिळवली. ते सांधे मला जवळून बघायचेत.

हल्ली सगळे गरम गोंदाची बांधणी करतात. दोन उन्हाळ्यांत पानं हातात येतात. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. एवढी जुनी वाचनाची सवय असलेल्या पट्ट्यात हे चालतं याचा मला राग येतो. आणि खरं सांगायचं तर खंड उघडणाऱ्यानं आधी माझी बांधणी बघावी, मग कर्वे वाचावेत, असंच मला वाटतं.

भाचीचे टाके माझ्यापेक्षा सारखे पडतात. ते तिला अजून सांगितलेलं नाही. पुढचा गठ्ठा महायुद्धाच्या वर्षांतला आहे, कागद आणखी वाईट.