गुण कोणाचा?

कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे येणारे बरेचसे आजार आपण होऊन बरे होतात. सर्दी उतरते, घसा निवळतो, लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे साचलेलं पाणी बहुधा तीन महिन्यांत जिरतं, चक्कर थांबते. मधल्या काळात कोणी गोळ्या घेतलेल्या असतात, कोणी काढा, कोणी कानात लसणीचं तेल घातलेलं असतं, कोणी शस्त्रक्रिया करून घेतलेली असते. बरं वाटलं की शेवटचा उपाय ज्याने केला त्याच्या हाताला गुण आहे असं ठरतं आणि त्याचं नाव नातेवाइकांत पसरतं. डॉक्टरचीही तशीच समजूत होत जाते, कारण बरा झालेला माणूस पेढे घेऊन येतो आणि बरा न झालेला गुपचूप दुसरा दवाखाना गाठतो.

त्यात आणखी एक गोष्ट. माणूस डॉक्टरकडे येतो तो त्रास अगदी टोकाला गेल्यावर. नदीला पूर चढलेला असताना नवस बोलावा आणि पाणी ओसरलं की नवस पावला म्हणावं, तसं यातल्या कितीतरी उपायांचं असतं.

म्हणून आमच्या शाखेत नुसत्या अनुभवावर भागत नाही. एकाच आजाराच्या रुग्णांचे दोन गट करायचे, कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, एका गटाला औषध द्यायचं आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही कळू द्यायचं नाही आणि तपासणाऱ्यालाही. मग ठरलेल्या दिवशी दोन्ही गट मोजायचे. सांगायला सोपी आणि करायला फार अवघड अशी ही पद्धत आहे. तिने आमच्या शाखेला काय काय शिकवलं ते मला इथे सांगायचं आहे.

सुरुवात चेहऱ्यापासून करतो. सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळतं. आरशात पाहावं तर तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं आणि एक डोळा मिटत नाही. घरच्यांच्या मनात पहिला विचार येतो अर्धांगवायूचा. असा रुग्ण समोर बसला की मी त्याला कपाळाला आठ्या घालायला सांगतो. मेंदूतल्या झटक्यात बहुधा कपाळ शाबूत राहतं, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येतात. चेहऱ्याची नस स्वतःच सुजली असेल तर त्या बाजूचं कपाळही सपाट राहतं. या दुसऱ्या प्रकाराला बेल्स पाल्सी म्हणतात. हातापायांत कमजोरी असेल किंवा बोलताना जीभ अडखळत असेल, तर मात्र एक मिनिटही न दवडता मोठ्या रुग्णालयात जायला हवं.

बेल्स पाल्सीला आपल्याकडे ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात आणि त्यावर तेलापासून मशीनच्या शेकापर्यंत सगळं होतं. बऱ्याच जणांना गुणही येतो. पण कशाचा? कोपनहेगनमध्ये पाइटरसन या डॉक्टरांनी २५ वर्षं अशा रुग्णांची नोंद ठेवली, त्यांना कोणतंही औषध न देता. २००२ साली त्यांनी १,७०१ रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांतल्या ७१ टक्के लोकांचा चेहरा पूर्ववत झालेला होता. म्हणजे शंभरांतल्या सत्तरांना कोणताही उपाय लागू पडणारच. खरा प्रश्न उरलेल्या तिसांचा होता.

त्याचं उत्तर स्कॉटलंडमधून आलं. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते चार्ल्स बेलही तिथलेच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५५१ रुग्ण होते. चेहरा वाकडा झाल्यापासून ७२ तासांच्या आत त्यांना औषध सुरू केलं होतं. काहींना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, काहींना विषाणूविरोधी असिक्लोविर, काहींना दोन्ही, काहींना नुसती नकली गोळी. नऊ महिन्यांनी पाहिलं तेव्हा स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के पूर्ण बरे होते आणि न मिळालेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के. असिक्लोविरने काहीही भर घातली नाही. ‘स्टिरॉइड नको’ म्हणून हटून बसलेल्या रुग्णाला मी हे आकडे सांगतो. दहा दिवसांच्या गोळ्या, त्याही वेळेत घेतल्या तर, शंभरांतल्या बाराएक जणांचा चेहरा जास्तीचा वाचतो. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखरेवर लक्ष ठेवावं लागतं, एवढंच.

मोठ्यांना चाललं ते लहानांनाही चालेल असं मात्र धरून चालत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १८७ मुलांवर हाच प्रयोग झाला आणि २०२२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या महिन्याच्या अखेरीस स्टिरॉइडचा फायदा दिसला नाही आणि सहा महिन्यांत दोन्ही गटांतली बहुतेक सगळी मुलं बरी झाली. मुलाचं तोंड वाकडं झालेलं पाहून कासावीस झालेल्या आईबापांना धीर द्यायला या माहितीइतकं चांगलं दुसरं काही माझ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट मेनिएरच्या आजाराची. यात गरगरण्याचे झटके येतात, कानात दडे बसतात, आवाज घुमतो, हळूहळू ऐकू कमी येतं. झटके काही महिने सलग येतात, मग बराच काळ गायब होतात. आतल्या कानातला द्राव वाढतो, म्हणून त्या द्रावाच्या पिशवीला वाट करून देणारी शस्त्रक्रिया अनेक दशकं जगभर होत होती आणि शल्यविशारद समाधानी होते. डेन्मार्कमध्ये थॉमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रयोग केला. ३० रुग्ण घेतले. निम्म्यांची खरी शस्त्रक्रिया केली. उरलेल्यांचं कानामागचं हाड तेवढं कोरलं आणि पिशवीला हातही लावला नाही. टाके दोघांनाही, भूल दोघांनाही. रुग्ण रोजच्या त्रासाची वही लिहीत होते. १९८१ साली निष्कर्ष छापला गेला : दोन्ही गटांतल्या सुमारे ७० टक्के लोकांना चांगलाच आराम पडला होता.

या प्रयोगावर पुढे खूप वाद झाला. आकडेमोड वेगळ्या तऱ्हेने केली तर शस्त्रक्रियेच्या बाजूने कौल निघतो, असं काहींनी दाखवलं. नकली शस्त्रक्रिया नीतीला धरून आहे का, यावरही भांडणं झाली आणि तो प्रश्न खरोखर गंभीर आहे. माझं मत विचाराल तर, फायदा सिद्ध न झालेली शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं हजारोंवर करत राहणं हे त्या पंधरा जणांवरच्या प्रयोगापेक्षा जास्त चिंतेचं आहे. त्यांना निदान प्रयोग चालू आहे हे माहीत होतं.

याच आजारावर बीटाहिस्टिन नावाची गोळी सर्रास दिली जाते. आपल्याकडे तर चक्कर म्हटली की ती चिठ्ठीवर येतेच. जर्मनीत २२१ मेनिएर रुग्णांवर तिची नऊ महिने परीक्षा झाली. एका गटाला नेहमीचा डोस, दुसऱ्याला जास्त डोस, तिसऱ्याला नकली गोळी. २०१६ साली निकाल आला. तिन्ही गटांत झटके कमी झाले आणि सारख्याच प्रमाणात कमी झाले. गोळीने इजा केली नाही, पण झटके कमी झाल्याचं श्रेयही तिला देता आलं नाही.

आता जिथे उपाय निःसंशय जिंकला अशी गोष्ट. अंथरुणात कूस बदलली की घर गरकन फिरतं, अर्ध्या मिनिटात थांबतं, वर फडताळातला डबा काढायला मान उंच केली की पुन्हा तेच. असे रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात आणि त्यांतल्या अनेकांच्या गळ्यात मानेचा पट्टा असतो, हातात मानेचे एक्स-रे असतात. मणक्याची झीज साठीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतेच, म्हणून दोष मानेवर जातो. खरा दोष असतो कानात. आतल्या कानात तोल सांभाळणारे कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात. ते आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की डोकं हलल्यावर तेही घरंगळतात आणि मेंदूला आपण फिरतोय असा खोटा निरोप जातो.

तपासणी साधी आहे. रुग्णाला टेबलावर पाय लांब करून बसवायचं, मान ४५ अंश एका बाजूला वळवायची आणि झपकन उताणं निजवायचं, डोकं टेबलाच्या कडेखाली किंचित लोंबेल असं. डोळे उघडे ठेवायला सांगायचं. दोनचार सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं थरथरू लागतात, वर उसळत आणि स्वतःभोवती वळत, खालच्या कानाच्या दिशेने. रुग्ण माझा हात घट्ट धरतो. एखाद्या काकू ‘अहो डॉक्टर, पडले मी!’ म्हणून ओरडतात. मी म्हणतो, ‘पडू देत नाही, डोळे मिटू नका.’ मिनिटाच्या आत थरथर थांबते. मग मान दुसऱ्या बाजूला वळवायची, थांबायचं. सगळं अंग त्या कुशीवर घ्यायचं, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं. शेवटी उठवून बसवायचं. नलिकेच्या वळणावरून कण पुन्हा आपल्या जागी जाऊन पडतात. ना गोळी, ना सुई.

अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉ. जॉन एप्ली यांनी ही युक्ती शोधली. १९८० साली त्यांनी ती मांडली तेव्हा समव्यावसायिकांनी त्यांची टर उडवली. त्यांचा लेख छापून यायला १९९२ उजाडलं. त्यात ३० रुग्ण होते आणि सगळ्यांची चक्कर थांबली होती, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. हा आजारही काही आठवड्यांत आपोआप जाऊ शकतो, तेव्हा शंका घेणाऱ्यांना जागा होती. पुढे अनेकांनी ती भरून काढली. त्यांतला २००६ साली प्रसिद्ध झालेला जर्मनीतला प्रयोग मला फार आवडतो. तिथे नकली उपचार म्हणून हीच कृती केली, पण निरोगी कानाच्या बाजूने. रुग्णाला फरक कळण्याची सोयच नाही. चोवीस तासांनी पाहिलं तर खरी कृती झालेल्या ३५ जणांपैकी २८ ठीक होते आणि नकली झालेल्या ३१ जणांपैकी फक्त ३. इतका लख्ख निकाल वैद्यकात क्वचित मिळतो. मानेला पट्टा बांधून महिनेच्या महिने चक्करीच्या गोळ्या खाणाऱ्या माणसाला ही काही मिनिटांची कृती मिळाली पाहिजे, यासाठी मी भेटेल त्या फॅमिली डॉक्टरला ती करून दाखवतो.

टॉन्सिल्सविषयी थोडक्यात. १९३४ साली न्यूयॉर्कच्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी झाली. ६११ मुलांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासलं आणि १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. ज्यांना नको म्हटलं होतं त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी आणखी ९९ निवडली. पुन्हा उरलेल्यांतून तिसऱ्या फेरीत ५१ निवडली गेली. हजारांतली ६५ मुलं तेवढी वाचली. ठरावीक निकष नसले की सद्हेतूने काम करणारे डॉक्टरही असेच वागतात. निकष पिट्सबर्गच्या जॅक पॅरडाइज यांनी आपल्या अभ्यासात लावले, १९८४ साली : वर्षात सात वेळा घसा गंभीर सुजलेला, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा. अशा मुलांना शस्त्रक्रियेचा फायदा झाला. पण शस्त्रक्रिया न केलेल्या कितीतरी मुलांचा त्रासही आपोआप कमी होत गेला. झोपेत श्वास अडकणाऱ्या, घोरणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात, सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सुरळीत आली. नुसती वाट पाहिलेल्यांत ते प्रमाण ४६ टक्के होतं.

तेव्हा माझी वाचकांना विनंती आहे की डॉक्टरने उपाय सुचवला की एक प्रश्न जरूर विचारावा : ‘काहीच केलं नाही तर काय होईल?’ त्याचं उत्तर आम्हाला देता आलंच पाहिजे. आणि कधी कोणी तुम्हाला अशा प्रयोगात भाग घ्याल का विचारलं, तर घाबरून जाऊ नका. प्रयोगाची नोंद सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर आहे का, नीतिसमितीची मंजुरी आहे का, इजा झाल्यास उपचार कोण करणार, हे विचारा. संमतीपत्र मराठीत मागा. मधेच बाहेर पडायचा हक्क तुमचा आहे.

वर दिलेले सगळे आकडे परदेशांतले आहेत, आणि ते मला खटकतं. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत बाह्यरुग्ण विभागात पाय ठेवायला जागा नसते. एमएस करणारा प्रत्येक विद्यार्थी एक प्रबंध लिहितो. पण प्रत्येकाचा विषय निराळा, रुग्ण मूठभर, आणि प्रबंध परीक्षेनंतर कपाटात जातो. एकच प्रश्न घेऊन राज्यातल्या दहा महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी तीन वर्षं सारख्याच पद्धतीने नोंदी केल्या, तर जगाला उपयोगी पडेल असं उत्तर मिळेल. सगळ्यात मोठी अडचण आहे रुग्ण पुन्हा येण्याची. दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून, बरं वाटत असताना कोण येईल? ते भाडं आणि ती मजुरी संशोधनाच्या खर्चात धरायला हवी.

प्रश्न कोणता घ्यायचा हेही मी सांगतो : वाहणारा कान. पडद्याला भोक पडून वर्षानुवर्षं पू येणारा हा आजार गरिबांच्या घरातला आहे. श्रीमंत देशांत तो आता फारसा दिसत नाही, त्यामुळे तिथे त्यावर मोठे प्रयोगही होत नाहीत. कोणते थेंब, किती दिवस, कान रोज पुसून कोरडा ठेवल्याने किती फरक पडतो, शस्त्रक्रिया कधी करावी, या साध्या प्रश्नांवर झालेले प्रयोग थोडे आणि लहान आहेत. शाळेत मागच्या बाकावर बसून बाईंचं बोलणं अर्धवट ऐकणाऱ्या मुलांचा हा प्रश्न आहे. रुग्ण आपल्याकडे आहेत, डॉक्टर आपल्याकडे आहेत. उत्तरही आपणच शोधायला हवं.