ओंडका आणि वही

या वर्षीं जूनमध्यें शाळा उघडली, तेव्हां सातवीच्या मुलांस घेऊन आम्ही संगणकाच्या खोलींत बसलों होतों. पडद्यावर ‘लॉग इन’ हे शब्द उमटतांच मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, “सर, ‘लॉग’ म्हणजे लांकडाचा ओंडका, असें आपण शिकलों. मग ओंडक्यांत शिरावयाचें तरी कसें?” वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. परंतु उत्तर मात्र सुचलें नाहीं. इतकीं वर्षें इंग्रजी शिकवून एवढ्याशा शब्दाची कुळकथा आपणांस ठाऊक नसावी, याची लाज वाटली. आणि त्याच सायंकाळीं आम्ही कोश घेऊन बसलों. पाहतों तों त्या मुलाचा प्रश्न वेडगळ नव्हताच! तो ‘लॉग’ खरोखरच ओंडका होता, आणि समुद्रांतून आला होता.

जहाज किती वेगानें चाललें आहे, हें पूर्वीं कळावयाचें कसें? रस्त्यावर मैलांचे दगड असतात. भर समुद्रांत चोहोंकडे पाणीच पाणी. तेव्हां खलाशांनीं एक साधी युक्ति योजिली. लांकडाचा तुकडा दोरीला बांधून जहाजाच्या मागल्या टोंकावरून पाण्यांत टाकावयाचा. तुकडा पडला तेथेंच तरंगत राहतो, जहाज पुढें जातें, आणि दोरी सुटत जाते. ठराविक वेळांत किती दोरी सुटली, त्यावरून वेग कळतो. विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाच्या १५७४ सालच्या ग्रंथांत या युक्तीचें वर्णन आढळतें. पुढें ओंडक्याच्या जागीं पाव वर्तुळाच्या आकाराची फळी आली. ती पाण्यांत उभी राहावी म्हणून तिच्या गोल कडेला शिसें बसवीत. दोरीला सारख्या अंतरावर गांठी मारीत. एक खलाशी फिरकी धरी, दुसरा २८ सेकंदांचें वाळूचें घड्याळ उलटें करी, आणि तिसरा हातांतून सरकणाऱ्या गांठी मोजी. दोन गांठींमध्यें ४७ फूट ३ इंच अंतर ठेविलें, कीं जितक्या गांठी सुटतील तितके सागरी मैल दर तासास, असा सोपा हिशेब होई. जहाजांचा व विमानांचा वेग आजही ‘नॉट’ म्हणजे गांठींतच सांगतात, तो यामुळेंच.

मोजलेला आंकडा प्रथम पाटीवर खडूनें लिहीत, व मग वहींत उतरवीत. ओंडक्याची वही, म्हणून ती ‘लॉगबुक’. हळूहळू वारा, दिशा, हवा, प्रवासांतील घडामोडी, सारें त्याच वहींत येऊं लागलें. ओंडका विसरला गेला, आणि ‘लॉग’ म्हणजे नोंद हा अर्थ रूढ झाला. १९६० नंतर एकाच मोठ्या संगणकावर अनेक जण काम करूं लागले, तेव्हां कोण केव्हां आला याची नोंद ठेवणें आलें. तेथून ‘लॉग इन’. १९९७ मध्यें निघालेल्या ‘वेबलॉग’ या शब्दाचें १९९९ मध्यें ‘ब्लॉग’ झालें, तें याच ओंडक्याचें नातवंड होय.

परंतु ती वही केवळ आठवणीसाठीं नव्हती. किनारा दृष्टीआड झाला, कीं वेग, दिशा व गेलेला वेळ यांच्या हिशेबावरच कप्तान आपलें स्थान ठरवी. पहाऱ्यावरील खलाशानें थंडीवाऱ्यांत कंटाळून ओंडका न टाकतांच आंकडा मांडला, तर नकाशावरचें जहाज एकीकडे आणि पाण्यावरचें दुसरीकडे! १७०७ सालीं नौसेनापति शॉव्हेल यांचा इंग्रजी काफिला, स्थानाचा अंदाज चुकल्यामुळें, रात्रीं सिली बेटांच्या खडकांवर गेला. चार जहाजें बुडालीं आणि हजारांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. नकळत झालेल्या चुकीचा जर हा परिणाम, तर जाणूनबुजून खोटें लिहिणाऱ्याची गति काय होईल?

हें वाचतांना आम्हांस आमचाच एक जुना अपराध आठवला. आम्ही शिकत होतों त्या शाळेच्या अंगणांत पर्जन्यमापक होता, आणि रोज सकाळीं पाणी मोजून वहींत लिहिण्याचें काम आमच्याकडे होतें. आषाढांत एकदां अशी झड लागली कीं चार दिवस आम्ही तिकडे फिरकलोंच नाहीं. पांचव्या दिवशीं गुरुजींनीं वही मागितली, तेव्हां व्हरांड्यांत उभें राहून आम्हीं मनानेंच चार आंकडे लिहिले. ते खरे दिसावेत म्हणून दशांश चिन्हेंही घातलीं! गुरुजींनीं वही पाहिली व कांहीं न बोलतां कपाट उघडलें. आंत पर्जन्यमापकाचें नरसाळें होतें. तें गळूं लागल्यामुळें त्यांनीं चार दिवसांपूर्वींच काढून आणिलें होतें. आतां मार बसणार, असें वाटलें. पण त्यांनीं आमच्या आंकड्यांवर रेघ ओढली, चारही तारखांपुढें ‘नोंद नाहीं’ असें लिहिलें, आणि एवढेंच म्हणाले, “रिकामी जागा खोटें बोलत नाहीं.” वही त्यांनीं आमच्याच हातीं परत दिली. मारापेक्षां तें अधिक झोंबलें.

त्या शब्दांचें मोल आज अधिक कळतें. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील अधिकारी हिंदुस्थानाकडे येतां-जातां रोजचा वारा, हवेचा दाब व उष्णता वहींत टिपून ठेवीत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत जपलेल्या या वह्यांपैकीं १७८९ ते १८३४ या काळांतील सुमारें ९०० वह्या शास्त्रज्ञांनीं तपासल्या, आणि दोनशें वर्षांपूर्वींचें समुद्रावरील हवामान कसें होतें याचा मागोवा २०१२ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या नोंदींचा असा उपयोग होईल, हें त्या लिहिणाऱ्यांच्या स्वप्नांतही नसेल. त्यांनीं फक्त जें दिसलें तें लिहिलें.

दुसऱ्या दिवशीं ही सर्व हकीकत आम्हीं वर्गांत सांगितली. आपल्या अपराधासह सांगितली. आमच्या या शाळेंतही पर्जन्यमापक आहे, आणि त्याची वही यंदां त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलानेंच मागून घेतली. परवां ती सहज चाळली. ऑगस्टमधील दोन तारखांपुढें त्याच्या वांकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलें होतें : ‘ताप आला होता. नोंद नाहीं.’ बालमित्रहो, त्या वहींत पावसाचे आंकडे पुष्कळ आहेत. पण त्या दोन ओळी वाचून आम्हांस जो आनंद झाला, तो कोणत्याही आंकड्यानें झाला नाहीं.