निळ्या काचेतला हिरवा

आमच्याकडे बॅटरीला हात लावायची मुभा होती, दिव्याला नव्हती.

बॅटरी म्हणजे तीन सेलची, पितळेची, निकेल उडून जागोजाग पिवळी पडलेली. टॉर्च हा शब्द भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत फारसं कुणी वापरत नसे आणि विजेरी फक्त पाठ्यपुस्तकात भेटायची. अंगणात विंचू निघाला, लाइट गेली, मांजर माळ्यावर व्यायली, की बॅटरी. पेटली नाही तर तळहातावर दोन थपडा. सेल उतरले की आई ते दुपारच्या उन्हात पत्र्यावर ठेवायची आणि भुसावळच्या उन्हात काय, मेलेले सेलही रात्रीपुरते उठून बसायचे.

दिवा अण्णांचा. अण्णा मालगाडीवर गार्ड होते. रात्री-अपरात्री कॉल बॉय येऊन दार वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा आणि तासा-दीड तासात अण्णा निघायचे. त्यांचा ड्यूटीचा लोखंडी पेटारा स्टेशनवरच असायचा, पण दिवा ते घरी आणत. काच पुसायला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. रॉकेलचा, पत्र्याचा, काळा दिवा. पुढे भिंगाचा एकच डोळा. वरची मूठ फिरवली की ज्योतीपुढे लाल काच यायची, आणखी फिरवली की हिरवी, नाहीतर नुसताच पांढरा.

एका दुपारी ते रात्रपाळी करून झोपले असताना मी मूठ फिरवून पाहिली. लाल काच लालच होती. हिरवी मात्र हिरवी नव्हती. उजेडाकडे धरली तर चक्क निळसर. आणि रात्री ज्योत लावली की तिच्यातून उजेड यायचा हिरवागार! हे काय गौडबंगाल आहे ते विचारायचं, तर हात लावल्याचं आधी कबूल करावं लागणार. मी विचारलं नाही. चाळीसेक वर्षं नाही.

दिव्याची भाषा मात्र अण्णांनी आपणहून शिकवली होती. लाल म्हणजे थांब. हिरवा स्थिर धरला तर चल. गाडी सुटताना ड्रायव्हरला 'ऑल राइट' कळवायला अण्णा ब्रेकव्हॅनमधून हिरवा आडवा झुलवायचे आणि पुढून इंजिनावरून तसंच उत्तर यायचं. हिरवा वर-खाली हलवला तर जपून चल. वेग आणखी कमी हवा असेल तर तोच दिवा आणखी सावकाश हलवायचा. आणि लाल हाताशी नसलाच, तर पांढराच जिवाच्या आकांताने हलवायचा, तोही थांबच. एवढ्या शब्दांत मैलभर लांबीच्या अंधारात दोन माणसं एकमेकांशी बोलत होती, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मला बॅटरीच जास्त आवडायची. तिचा झोत आंब्याच्या शेंड्यापर्यंत जायचा. अण्णा म्हणायचे, "त्यात काय, स्वतःपुरता उजेड."

पुढे पुण्यात नोकरी, संसार, भारनियमन. घरात प्लास्टिकच्या स्वस्त एलईडी बॅटऱ्या येत गेल्या आणि कचऱ्यात जात राहिल्या. त्यांच्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

अण्णांना ऐंशीवं लागलं त्या वर्षी जुन्या बाजारात मला तसाच एक दिवा दिसला. वात नव्हती, टाकीला भोक, पण दोन्ही काचा शाबूत. घासाघीस न करता घेतला. आत रॉकेलऐवजी एक वॉटचा पांढरा एलईडी बसवला, सेल बसवला आणि भुसावळला नेला. अण्णांनी दिवा हातात तोलला, मूठ फिरवली, लाल पाहिला, हिरवा पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"हा हिरवा नाही रे."

खरंच नव्हता. समुद्रासारखा निळसर काहीतरी होता. दर काही वर्षांनी ठिपक्यांत लपलेले आकडे वाचून रंगांची परीक्षा देत आलेला माणूस तो. म्हटलं, आता विचारावंच. माझी लहानपणीची चोरी सांगितली. अण्णा हसले. "रॉकेलची ज्योत पिवळी असते. काच हिरवी ठेवली तर लांबून पिवळटच दिसेल. म्हणून काच निळी. पिवळं काच खाते, हिरवं सोडते."

मग बाकीचं मला जुळवता आलं. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. ज्योतीत निळं जवळजवळ नसतंच, एलईडीत ते भरपूर असतं. त्या काचेने ते बिनतक्रार बाहेर सोडलं. काच तिच्या ज्योतीसाठी घडवलेली होती, माझ्या एलईडीसाठी नव्हे.

म्हणजे काचच नको. जो रंग हवा तोच रंग जन्मतः देणारा एलईडी हवा. शिवाय तो पत्र्याचा दिवा आता त्यांच्या मनगटाला जडच होता. माळ्यावरून आमची पितळी बॅटरी काढली आणि पुण्याला आणली.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एक वॉटचे तीन एलईडी घेतले: लाल, हिरवा, पांढरा. प्रत्येक ॲल्युमिनियमच्या चांदणीवर बसवलेला. दुकानदार म्हणाला, निळापण घ्या, छान दिसतो. दिसतो खरा, आणि या निळ्याने जगाला किती वाट पाहायला लावली! दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्येच केला होता. झगझगीत निळा यायला १९९० चं दशक उजाडलं आणि अकासाकी, अमानो, नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं. पण अण्णांच्या दिव्यात निळ्याला काही शब्दच नव्हता. राहू दिला.

पहिला लाल मी जाळला. हिरव्याला साधारण सव्वातीन व्होल्ट लागतात, लालला दोनच्या थोडे वर. दोघांची माती वेगळी, एक नायट्राइडचा, दुसरा फॉस्फाइडचा. मी आळशीपणाने दोघांनाही २.७ ओहमचाच रेझिस्टर लावला. भरलेल्या लिथियम सेलचे ४.२ व्होल्ट; हिरव्यातून जेमतेम ३५० मिलिअँपिअर गेले, लालमधून त्याच्या दुप्पट. खाली उष्णता ओढून घ्यायलाही काही नव्हतं. लाल आधी दिमाखात पेटला, मग मंद मंद होत गेला आणि मी चहा घेऊन येईपर्यंत गेला. दुसरा लाल आणला आणि त्याला ५.६ ओहम दिला. बॅटरीच्या तोंडातला वाटीसारखा परावर्तक काढून तिथे ॲल्युमिनियमची जाड चकती ठोकून बसवली, तिच्यावर थर्मल पेस्ट लावून तिन्ही चांदण्या. सेल बोटाएवढा, पितळी नळी त्याच्या जवळपास दुप्पट रुंद. मागच्या वर्षीच्या कालनिर्णयची पानं गुंडाळून तो गच्च केला. बटणाच्या जागी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून आणलेला जुना बँड स्विच. मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह एक, शॉर्ट वेव्ह दोन. मूठ फिरवल्यासारखा फिरतो, आणि घराघरांत बिनाका गीतमाला ऐकवलेल्या त्या स्विचचा खटका मला अजून आवडतो.

एकच गोष्ट जमेना. झोत. परावर्तक काढल्यावर उजेड नुसता फाकायचा. भिंगं आणली, कोन मोजले; तीन एलईडी शेजारी-शेजारी असल्याने एका भिंगाच्या नेमक्या मध्यावर तिघेही येणं शक्यच नव्हतं. दोन रविवार त्यात गेले. शेवटी कंटाळून तशीच नेली आणि आधीच माफी मागितली, की अण्णा, झोत काही पडत नाही.

"झोत कशाला? ड्रायव्हर काय तुझ्या झोतात उभा असतो? तो वळणावर असतो."

मी गप्प बसलो. आंब्याचा शेंडा डोक्यातून अजून गेला नव्हता.

ओट्यावर जाऊन त्यांनी तिन्ही रंग लावून पाहिले. लाल पाहताना एक डोळा मिटला. "लाल जरा जास्तच लाल आहे." हिरव्यावर काही बोलले नाहीत, पण स्विच तिथेच ठेवला. मग आईला हाक मारून तिला फाटकापर्यंत जायला लावलं आणि तिथून कसा दिसतो ते विचारलं. ती म्हणाली, "दिसतो की, एवढा कसला आंधळेपणा आलाय मला."

त्याच रात्री माझी पुण्याची गाडी होती. रिक्षा आली, बॅग ठेवली, पाया पडलो. पाऊस नुकताच थांबला होता आणि आमच्या गल्लीतले खड्डे पाण्याने भरून सपाट दिसत होते. कोपऱ्याशी मागे वळून पाहिलं. फाटकाशी माणसं दिसत नव्हती, नुसता हिरवा ठिपका. मला वाटलं, आडवा झुलेल.

तो वर-खाली होत होता. सावकाश, मग आणखी सावकाश.

मी रिक्षावाल्याला म्हणालो, "भाऊ, जरा हळू घ्या. गाडीला वेळ आहे."