तेल आणि द्राक्षारस

आमच्या नाशिकच्या धर्मग्रामातील एका कुटुंबप्रमुखाच्या मेंदूत ग्लायोब्लास्टोमा ही कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली; परंतु या गाठीच्या पेशी निरोगी मेंदूत मुळ्यांप्रमाणे शिरलेल्या असल्याने ती समूळ काढता येत नाही. पुढील उपचारांसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जायचे ठरले. त्यांच्या पत्नीने आम्हांस विचारले, “फादर, हे बरे होतील ना?”

आम्ही जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले. मेंदूभोवती रक्तातील बहुतेक द्रव्यांना अडविणारी नैसर्गिक तटबंदी असते. पुष्कळ औषधे तेथूनच परततात. टेमोझोलोमाइड ती ओलांडते. शिवाय गाठीतील पेशी एकसारख्या नसतात. एका माऱ्यातून निसटलेल्या पुन्हा वाढतात. म्हणून उपचारांची सांगड घालतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या अभ्यासात केवळ किरणोपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्यांनी १२.१ महिने ओलांडले. सोबत टेमोझोलोमाइड घेणाऱ्यांपैकी निम्म्यांनी १४.६ महिने. २०१९ साली जर्मनीतील अभ्यासात, विशिष्ट प्रकारच्या गाठींत त्यालाच लोमुस्टिनची जोड दिल्याने आयुष्य आणखी लांबल्याचे दिसले. गाठीची वाढ मंदावते. रोग मात्र सहसा परततो.

अडीच महिने! एवढ्यासाठी प्रवास, खर्च, ओकाऱ्या, थकवा? ‘देवाची इच्छा’ हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. तोच त्या बाई म्हणाल्या, “धाकटीचं प्रथम ख्रिस्तशरीर मे महिन्यात आहे, फादर. तेवढं यांनी पाहिलं, तरी पुरे.”

आम्ही ओशाळलो.

आयुष्य टिकविण्यासाठी सामान्य उपायांचेच बंधन असते, असामान्य ओझे उचललेच पाहिजे असे नाही, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे स्पष्ट केले होते. असे उपचार कोणी नाकारले, तर ते पाप नव्हे. परंतु ज्याला ते हवेत, त्याच्या महिन्यांचे मोल आपण का ठरवावे? शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी जखमांवर तेलही ओततो आणि द्राक्षारसही. शिवाय उतारशाळेचा खर्चही सोसतो. जखमी माणूस पुढे किती जगेल, हे तो विचारत नाही.

तैलाभ्यंगाचा संस्कार देऊन आम्ही त्यांना मुंबईच्या गाडीत बसविले. मे महिन्यात ते मंदिरात पहिल्या बाकावर होते, डोक्याला रुमाल बांधून. लेकीला ख्रिस्तशरीर देताना आमचाच हात थरथरला.

आजाऱ्याच्या घरी ‘देवाची इच्छा’ म्हणण्यापूर्वी आता आम्ही त्याची इच्छा विचारतो. वाचकहो, आपणही विचारावी.